म्हातारपण पाडत नाही, घर पाडते

मागच्या वर्षावासात माझ्या सासूबाई पडल्या. रात्रीचे दोन वाजले असतील. लाईट गेलेली, बाहेर पाऊस. सांदवाडीतल्या संडासाकडे जाताना न्हाणीपुढच्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. आवाज ऐकून आम्ही धावलो, तर त्या भिंतीला हात लावून उठायला पाहत होत्या. "काही नाही झालं व, जरासा पाय घसरला. जा, निजा तुम्ही," असे उलट आम्हालाच म्हणाल्या. सकाळी त्यांना तो पाय उचलता येईना. खुब्याचे हाड मोडले होते.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, "वय झालं आता, चालायचंच." मीही मान हलवत होते. पण रात्री दवाखान्यात त्यांच्या खाटेजवळ बसले असताना एक गोष्ट मनात आली आणि ती अजून जात नाही. त्याच पावसाळ्यात, त्याच फरशीवर माझा चौदा वर्षांचा नातू दोनदा घसरून पडला होता. तो हसत उठला आणि पळाला. म्हणजे फरशी दोघांनाही पाडत होती. वयाचा फरक इतकाच, की एकाचे हाड टिकले आणि दुसरीचे मोडले.

मी आरोग्यसेविका म्हणून अठ्ठावीस वर्षे घरोघर फिरले. लसी दिल्या, बाळंतिणी पाहिल्या, गोळ्या वाटल्या. त्या हिरव्या शेवाळलेल्या फरशीवरून मी स्वतः रोज ये-जा करत होते आणि ती मला कधी दिसली नाही. म्हणून आज मी त्या "चालायचंच" या शब्दाविरुद्ध लिहायला बसले आहे. वयाने डोळा मंदावतो, पाय कमजोर होतो, हे खरे. पण म्हातारी माणसे बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक कारणाने पडतात. ती जागा दाखवता येते आणि दुरुस्तही करता येते.

तथागतांनी काय केले?

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वयाने थकलेला एक भिक्खू शौचाहून उठताना पडला. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. त्यांनी त्या भिक्खूला "वय झाले, सांभाळून बस" असे सांगितले नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ म्हणूनही सोडून दिले नाही. शौचकूपात धरून उठायला काहीतरी टांगावे, अशी त्यांनी अनुज्ञा दिली. आज दवाखान्यांच्या संडासात भिंतीला जो दांडा दिसतो, त्याचाच हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा भाऊ.

त्याच भागात आणखीही आहे. उंच जोत्यावर चढताना भिक्खूंना त्रास होऊ लागला, तेव्हा पायऱ्या बांधायला सांगितल्या. पायऱ्यांवरून पडू लागले, तेव्हा कठडा लावायला सांगितला. स्नानगृहात चिखल होऊ लागला, तेव्हा वीट, दगड किंवा लाकडाची जमीन करायला आणि पाणी जायला नाली काढायला सांगितले. आजारी भिक्खूला काठीशिवाय चालता येईना, तेव्हा संघाच्या संमतीने काठी वापरू दिली.

दर वेळी रीत एकच आहे. काय घडले ते ऐकायचे, कारण शोधायचे आणि कारण दूर करायचे. पडलेल्या माणसाला दोष द्यायचा नाही. आपण विहारात कारण आणि परिणामाची शिकवण ऐकतो आणि घरी येऊन "नशीब" म्हणतो, हे काही बरोबर नाही.

काठीची लाज वाटणाऱ्यांसाठी एक आठवण. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेच्या मंचावर बाबासाहेब उभे होते, तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता. अख्ख्या समाजाला उभे करणाऱ्या माणसाने आधार घेताना कमीपणा मानला नाही. मग आपले बुढे बाबा "मी काय लंगडा आहे का?" म्हणून काठी कोपऱ्यात ठेवतात, ते कशासाठी?

ही लहान गोष्ट नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि साठीच्या पुढच्या माणसांना सर्वांत मोठा फटका बसतो. मोटारसायकलवाल्याला आपण हेल्मेट घाल म्हणून सांगतो. आजीच्या न्हाणीबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

उपाय केला तर फरक पडतो का? २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. जी वृद्ध माणसे आधी पडली आहेत किंवा ज्यांना रोजच्या कामात मदत लागते, त्यांच्या घरातले धोके काढून टाकल्यावर पडण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी झाले. हे अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत, तिथल्या घरांत गालिचे आणि बाथटब असतात. पण ओला दगड तिथेही ओला आणि इथेही ओलाच. उलट आपल्या वस्तीतल्या घरांत अंधार, ओल, उंच उंबरठे आणि अंगणापलीकडचे संडास जास्त असल्यामुळे करण्यासारखेही बरेच आहे.

बाजेपासून संडासापर्यंत

सगळे घर एकदम तपासायला जाऊ नका. एकच वाट तपासा. घरातले म्हातारे माणूस रात्री बाजेवरून उठून संडासापर्यंत ज्या वाटेने जाते ती. रात्री दिवा न लावता त्यांच्या मागोमाग एकदा चाला. अर्धे काम तिथेच होईल.

सुरुवात बाजेपासून. सुतळी सैल पडून बाजेची झोळी झाली असेल, तर त्यातून उठताना माणूस पुढे तोल जाऊन पडतो. ती ओढून घट्ट करा. बाजेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. फार खाली किंवा फार उंच असेल तर पायांखाली विटा घालून किंवा काढून उंची नीट करा, मात्र बाज हलता कामा नये. उशाशी बॅटरी किंवा लाईट गेल्यावर आपोआप लागणारा चार्जिंगचा बल्ब ठेवा. हाताशी एक शिट्टी, नाहीतर ताट आणि चमचा ठेवा. हाक मारायला ताकद नसली तरी ताट वाजवता येते.

मग जमीन. दारात जुन्या लुगड्याचे किंवा पोत्याचे पायपुसणे घडी पडून पडलेले असते, त्यात बोट अडकते. ते उचला. पंख्याची वायर वाटेवरून गेली असेल तर भिंतीच्या कडेने न्या. पाण्याचे गुंड आणि बादल्या वाटेत नकोत. उंबरठा उंच असेल तर त्यावर पांढऱ्या नाहीतर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यालाही दिसेल. पायऱ्यांच्या काठावरही असाच पट्टा हवा.

न्हाणी ही सर्वांत वाईट जागा. शेवाळ आठवड्यातून एकदा ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासा. गुळगुळीत फरशी बदलायला पैसे नसतील तर तिच्यावर सिमेंटचा पातळ थर द्या आणि तो ओला असतानाच खराट्याने रेघा ओढा. पाय सरकत नाही. पाणी साचू नये म्हणून उतार नालीकडे ठेवा. आंघोळ उभ्याने किंवा उकिडवे बसून नको. प्लास्टिकच्या मजबूत खुर्चीवर किंवा न डगमगणाऱ्या स्टुलावर बसून करावी.

आता संडास. आपल्याकडे भांडे बहुतेक खाली बसायचे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसताना कळ येते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उठताना आपण काय धरतो? नळ, दाराची कडी, नाहीतर बादलीची कड. यातले काहीच माणसाचे वजन पेलत नाही. इथे लोखंडी पाईपचा दांडा लागतो. पीव्हीसीचा पाईप किंवा टॉवेलची दांडी चालणार नाही. विटांच्या भिंतीत छिन्नीने भोक पाडून तो सिमेंटमध्ये पक्का बसवा. भिंत टिनाची किंवा कुडाची असेल तर भिंतीच्या भरवशावर राहू नका, बाजूला जमिनीत लोखंडी खांब रोवून त्याच्या बुडाशी सिमेंट भरा. बसवल्यावर घरातल्या सर्वांत जड माणसाने त्याला लोंबकळून पाहावे. मगच आजीला धरू द्यावे. बसताच येत नसेल तर भांड्यावर ठेवायची भोकाची कमोड खुर्ची मिळते.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. संडासाचे दार आत उघडणारे असेल आणि माणूस आत पडले, तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना ते उघडता येत नाही. दार बाहेर उघडेल असे बसवा. कडी अशी असावी की गरज पडल्यास बाहेरून काढता येईल.

राहिले पाय. झिजलेली स्लीपर ओल्या फरशीवर साबणासारखी सरकते. मागून पट्टा असलेली, तळाला रेघा असलेली चप्पल घ्या. लुगड्याचा किंवा धोतराचा सोगा पायात येत असेल तर वर खोचा.

माणसाकडेही पाहा

घर नीट केले तरी काही कारणे शरीरात असतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी चक्कर येऊ शकते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा आणि "पडायला होते" हे स्पष्ट सांगा. झोपेतून उठल्यावर एक मिनिट बाजेच्या काठावर बसावे, मग उभे राहावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलू नका.

पायांची ताकद म्हातारपणीही वाढते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचे आणि बसायचे, रोज दहा वेळा. न जमल्यास हात लावून. मग भिंत धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहायचे, आणि नंतर दुसऱ्या पायावर. सुरुवातीला जवळ कोणीतरी असावे.

आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. त्यात कमी वयातही खुब्याचा सांधा झिजू शकतो. म्हणजे न्हाणीतला दांडा फक्त आजीसाठी नाही. गरोदर सुनेलाही तो लागतो आणि ताप आलेल्या पोरालाही.

आणि बायांसाठी वेगळे सांगते. रात्री उठावे लागू नये म्हणून कितीतरी आज्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि पडण्याची भीती होती तेच घडते. वाट सुरक्षित केली तर ती आजी पोटभर पाणी पिईल. पडल्याचेही त्या सांगत नाहीत. "पोरांना त्रास नको" म्हणून निळा पडलेला दंड पदराखाली लपवतात. एकदा पडलेले माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून रागावता विचारू नका. "कुठं पडली, कशानं पडली?" एवढेच विचारा.

पडल्यावर

ओढून उभे करू नका. आधी विचारा, कुठे दुखते? पाय आखूड दिसत असेल, पंजा बाहेरच्या बाजूला वळला असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजा. मालिश नको, हाड बसवणाऱ्याकडे जाणे नको. १०८ वर फोन करा. गाडी येईपर्यंत हलवू नका, हलवावेच लागले तर फळीवर घेऊन हलवा. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत झाले तर माणूस लवकर उठते. अंथरुणाला खिळल्यावर छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, आणि पुष्कळ माणसे हाडाने नाही तर त्याने जातात. डोक्याला मार लागला असेल तर उलटी, गुंगी, बरळणे याकडे लक्ष ठेवा. ही लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात.

उमरखेड किंवा वणीहून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ नाही. म्हणून कागद आधीच तयार ठेवा. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड मिळते. हाड मोडल्यावर कार्डासाठी धावण्यापेक्षा आज काढा.

"आमच्या घरात जागा कुठे?"

हे मला नेहमी ऐकायला मिळते, आणि ते खरेही आहे. रमाई आवास असो की प्रधानमंत्री आवास, घरकुल साधारण २६९ चौरस फुटांचे. त्यात तीन पिढ्या राहतात. संडासासाठी स्वच्छ भारत अभियानात १२,००० रुपये मिळाले. त्यात खड्डा, भिंती, भांडे आणि दार, सगळे बसवायचे. दोन उंच पायऱ्या चढून जायचे ते संडास बांधले गेले, फोटो निघाला, हप्ता मिळाला. आजीला तिथे चढता येते का, हे कोणी विचारले नाही. माझे म्हणणे आहे की घरकुलाच्या आणि संडासाच्या नकाशातच एक दांडा, एक कठडा आणि बाहेर उघडणारे दार असायला हवे. ग्रामसभेत आणि नगर परिषदेत ही मागणी आपण केली पाहिजे. रस्ता आणि नाली मागतो तसेच हेही मागण्यासारखे आहे.

पण सरकारची वाट पाहत बसू नका. आमच्या न्हाणीत आता दांडा आहे. पाईप आणि मिस्त्रीची मजुरी धरून हजाराच्या आत काम झाले. सासूबाईंचे ऑपरेशन योजनेत झाले, तरी जाण्या-येण्यात, औषधांत आणि बुडालेल्या मजुरीत आमचे त्याच्या कितीतरी पट गेले. तो दांडा एक वर्ष आधी बसला असता, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

साधनांसाठीही मदत आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मंजूर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र शिबिरातून मोफत देतात. अर्ज कधी आणि शिबिर कुठे, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाईनही मोफत आहे.

विहारापासून सुरुवात करू

सासूबाई आता वॉकर धरून घरात चालतात. विहारात मात्र जाता येत नाही. पंचशील घरातच म्हणतात. दर पौर्णिमेला पांढरे पातळ नेसून सर्वांत आधी निघणारी ही बाई. आमच्या विहाराला सात पायऱ्या आहेत. आजूबाजूला धरायला काहीच नाही. रंग दर जयंतीला नवा लागतो, कठडा मात्र कोणाला सुचला नाही. मलाही सुचला नव्हता.

येत्या आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. पावसाचे हे तीन महिने पाय घसरण्याचेही असतात. प्रत्येक वस्तीतल्या विहार समितीने यंदा दोन कामे हाती घ्यावीत. पहिले, विहाराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा. दुसरे, साठीच्या पुढचे माणूस असलेल्या प्रत्येक घरी दोन तरुण पाठवून बाजेपासून संडासापर्यंतची वाट पाहून घ्यावी. आपल्याच वस्तीत गवंडी आहेत, वेल्डर आहेत, वायरमन आहेत. जगाची घरे ते बांधतात. एक रविवार त्यांनी आपल्या आज्यांसाठी दिला, तर दहा-बारा घरांत दांडे बसतील. जयंतीच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढले तर पाईपचेही भागेल.

आमच्या समितीपुढे मी हे मांडले आहे. कठडा बसला की पहिला हात कोणाचा लागेल, ते मी ठरवून ठेवले आहे.

तुम्ही मात्र समितीची वाट पाहू नका. आज रात्री सगळे निजल्यावर दिवा न लावता बाजेवरून उठा आणि संडासापर्यंत जाऊन या. पाय कुठे अडखळला, हात काय शोधत होता, ते लक्षात ठेवा. उद्या सकाळी कामाला लागा.

जयभीम.